तीन पुरुस

दिग्रसच्या बाजारपेठेतून आर्णीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बंद पडलेली जिनिंग होती. कापसाचे दिवस बरे होते तेव्हा तिच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत जायची, असं जुने लोक सांगत. पण ज्या वर्षांतली ही गोष्ट आहे त्या वर्षांत रांग सोडाच, फाटकाला साधं कुलूपही नव्हतं, कारण आत चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आवाराच्या मागच्या अंगाला, पूर्वी काट्यावरचा कारकून बसायचा ती टिनाच्या छपराची एकुलती एक खोली तेवढी शाबूत होती, आणि तिच्यात रहमत मिस्त्री आभाळ मोजत बसायचा.

'आभाळ मोजतो' हे गावाचं चेष्टेतलं बोलणं, पण ते फारसं खोटं नव्हतं. दूरच्या एका संस्थेनं दोन वर्षांपूर्वी त्या खोलीत एक यंत्र आणून बसवलं होतं. लोखंडी मांडणीवर तीन थरांत रचलेल्या लांब नळ्या, मधे शिशाच्या विटा, बाजूला लाल आकड्यांची पेटी आणि कागदाची एक गुंडाळी, जिच्यावर बारीक लेखणी अखंड रेघ ओढत राहायची. सूर्याच्याही पलीकडून न दिसणाऱ्या कणांचा एक मारा पृथ्वीवर सदोदित होत असतो. त्यातले कण टिनातून, भिंतीतून, माणसाच्या अंगातून आरपार निघून जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. नळ्यांना तेवढा लागायचा. दर दहा मिनिटांनी पेटीवर सहा हजार दोनशेच्या आगेमागे एक आकडा उमटे, आणि तासातासाला रहमतनं तो वहीत उतरवायचा, एवढंच काम.

संस्थेला खरं तर बॅटऱ्या सांभाळणारा माणूस हवा होता. आठ-आठ तास वीज गुल असण्याचे ते दिवस, आणि यंत्र एकदा बंद पडलं की तेवढ्या वेळाचं आभाळ गेलं ते गेलंच. रहमत नावाजलेला मिस्त्री. डिझेल इंजिन असो, पंप असो, नाहीतर विहिरीतून मुरूम वर काढायची यारी असो, त्याचा हात फिरला की ते सुरू होणार अशी त्याची ख्याती होती. त्याची स्वतःची यारी होती आणि पाच वर्षांपूर्वीपर्यंत दिग्रस-दारव्ह्याच्या टापूत तिच्याशिवाय विहीर खोदली जात नसे. मग एका उन्हाळ्यात त्यानं ती विकून टाकली. का विकली ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे. आणि सगळ्यांना जे ठाऊक होतं ते पुरतं खरं नव्हतं, हे एकट्या रहमतला ठाऊक होतं.

या खोलीत त्याला बरं वाटायचं. इथलं सगळं काम वरचं, खाली वाकून बघायची वेळ कधी यायची नाही. बसल्या बसल्या डावं मनगट उजव्या हातानं चोळत राहायची त्याला खोड होती. त्याची बायको हलीमा त्यावरून बोलायची, मलम आणून द्यायची, आणि तो मुकाट्यानं लावायचा. मनगटाला काही झालेलं नव्हतं.

संस्थेतले संजय सर महिन्यातून एकदा जीपनं येत. मूळचे पुसदकडचे, तिशीतले, शिकून मोठे झालेले पण बोलायला लागले की अजूनही पुसदचेच. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की हे कण जमिनीतही शिरतात, फक्त खोल जावं तसे विरळ होत जातात. वणीकडच्या एका कोळशाच्या खाणीत ते स्वतः असलंच छोटं यंत्र घेऊन उतरले होते, आणि किती फुटांवर किती कण लागले त्याचा तक्ता त्यांनी हौसेनं रहमतच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून दिला होता.

"कोनाचे डोये बांधून कुठीबी नेऊन ठेवा, रहमतभाऊ," ते म्हणाले होते, "आकड्यावरून मी सांगतो त्याच्या डोक्यावर किती माती हाये ते."

रहमत हसला होता. मग निव्वळ सवयीनं त्यानं तक्त्यातले फूट पुरुसांत मोडून पाहिले होते. पुरुस हे विहीरवाल्यांचं माप. एक माणूस हात वर करून उभा राहील तेवढी खोली म्हणजे एक पुरुस, साधारण सात फूट. तक्त्याच्या कडेला त्यानं पेन्सिलीनं बारीक खुणाही करून ठेवल्या. आता वाटतं की त्या केल्या नसत्या तर बरं झालं असतं, पण माणसाचा हात आपल्या धंद्याकडे वळल्याशिवाय राहत नाही.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर सरत आला होता. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, रमजान लागलेला. दुसऱ्या रोज्याच्या दिवशी, बुधवारी, दुपारी बाराला वीसेक मिनिटं असताना गुंडाळीवरची रेघ खाली वळली. पेटीवर सहा हजारांच्या आतला आकडा रहमतनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यानं जोडण्या तपासल्या, बॅटरीचं पाणी पाहिलं, नळ्यांवरून कपडा फिरवला; दुपार कलतानाच्या, असरच्या अजानीपर्यंत आकडा पाच हजार आठशे तीसवर येऊन ठेपला होता. तेवढ्यात संजय सरांचा फोन आला आणि ते आनंदानं जवळजवळ ओरडतच होते. सूर्यावर मोठा स्फोट झाला होता. त्यातून सुटलेला ढग पृथ्वीवर येऊन तिच्याभोवती पसरला होता आणि बाहेरून येणाऱ्या कणांना त्यानं अडवून धरलं होतं. जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांवर आकडा असाच कोसळला होता, आणि दिग्रसच्या यंत्रानं तो बरोबर पकडला म्हणून सरांनी रहमतचं तोंडभरून कौतुक केलं.

"आपुन सारे सध्या पांघरुनाखाली हाओत, असं समजा," सर म्हणाले. "काई करू नका. आठ-दहा दिवसांत आपोआप वर येईन."

वर येईन, हे शब्द रहमतला लागले. फोन ठेवून तो बराच वेळ मनगट चोळत बसला. मग रोजा सोडायची वेळ झाली तशी खजूर खिशात टाकून घरी गेला.

आठ दिवसांनी जगाचा आकडा वर येऊ लागला. दिग्रसचा येईना. पाच हजार सहाशे, मग पाच हजार तीनशे, असा तो रोज थोडाथोडा उतरतच राहिला. सरांनी फोनवरून नळ्यांचा दाब तपासायला लावला, शिशाच्या विटा मोजायला लावल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. अकराव्या रोज्याला जुम्म्याचा शुक्रवार होता. रहमत खोलीला कडी घालून नमाजला गेला, तासाभरानं परत आला, आणि गुंडाळीवर त्या तासाची रेघ बघून उभाच राहिला. तो फाटकाबाहेर पडला असेल त्या मिनिटाला लेखणी सरळ वर चढली होती, सहा हजार दीडशेवर. तासभर ती तिथंच होती. आणि आत्ता, तो तिच्यासमोर उभा असताना, ती पुन्हा खाली येत होती.

माणूस अशा वेळी करतो तेच त्यानं केलं, म्हणजे आपल्यालाच खोटं पाडायचा प्रयत्न. बाहेर बाभळीखाली अर्धा तास जाऊन बसला, आत आला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. रेघेला पायऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं हलीमाला बोलावून आणलं आणि काही न सांगता यंत्राजवळ बसवलं. ती तूरडाळ निवडत तासभर बसली, तेवढ्यात तिनं खोलीतली जाळी झाडली, खिडकीची धूळ पुसली, आणि आकडा सगळा वेळ सहा हजार एकशे नव्वद होता. रहमत आत आला तसा तो उतरला. हलीमाला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण लाल आकडे तिला वाचता येत होते. ताट बाजूला ठेवून ती घरातल्या हिंदीत हलक्या आवाजात म्हणाली, "तुम आए तोच कम हुआ जी." तो म्हणाला, यंत्र जुनं झालंय. त्यावर तिनं रोज्यानं अशक्तपणा आलाय, डॉक्टरला दाखवा, असं सुचवलं. यंत्राच्या अशक्तपणावर नवऱ्याला औषध, असा तो सल्ला होता, आणि तिच्या परीनं तो बरोबरही होता.

संजय सरांना त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पुढच्या सोमवारी आकडा तीन हजार सहाशे झाला तेव्हा त्यानं वही उलटी करून तक्ता काढला. तीन हजार सहाशेसमोर लिहिलं होतं: सात फूट. त्याच्या शेजारी त्याची स्वतःची पेन्सिलीची खूण होती, एक पुरुस.

उघड्या खिडकीतून ऊन त्याच्या गुडघ्यावर पडलं होतं. बाहेर कुणाचीतरी सायकल वाजत गेली. आणि यंत्र म्हणत होतं की या माणसाच्या डोक्यावर सात फूट माती आहे. रहमतला त्या वेळी ओल्या मुरमाचा वास आला, विहीर पाण्याला लागायच्या आधी येतो तो. आणि पाच वर्षं जिच्यावर त्यानं झाकण घालून ठेवलं होतं ती गोष्ट झाकण सारून वर आली. आकडा कुठं जाऊन थांबणार आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या एका शिवारात तो आणि फुलसिंग विहीर करत होते. फुलसिंग दिग्रसजवळच्या तांड्यावरचा बंजारा, जमिनीला कान लावून पाणी सांगणारा, खोदण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता असा. पंधरा वर्षं ते दोघं जोडीनं काम करत आले होते. वर यारीचं डिझेल इंजिन चालू असताना खालची हाक वर येत नाही. म्हणून विहिरीत मातीच्या दोरांखेरीज एक बारीक दोर वेगळा सोडलेला असे, त्याला बोलता दोर म्हणत. पुरुसापुरुसाला त्याला गाठ. खालच्यानं एक हिसका दिला की थांब, तीन दिले की टोपलं सोड, दोन दिले की मला वर घे. वरच्यानं तो मनगटाला एकच वेढा देऊन धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. आणि विहीरवाल्यांचा एक रिवाज होता, कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांनी पाळलेला: खाली घात झाला आणि दोर बोलत असला, तर ज्याच्या मनगटाला तो बोलतो त्यानंच पहिल्यांदा उतरायचं. फुलसिंग आजवर असा दोनदा दुसऱ्यांसाठी उतरला होता.

त्या दिवशी नऊ पुरुसांवर विहिरीची एक बगल ढासळली. धूळ बसल्यावर रहमतनं गाठी मोजल्या. सहा मोकळ्या होत्या, तीन मातीखाली गेल्या होत्या. दोर दगडांच्या सांदीतून वर आला होता. इंजिन बंद केलं होतं, वरून अजून ढेकळं सुटत होती, आणि काठावरची पंधरावीस माणसं रहमतच्या मनगटाकडे बघत होती. फुलसिंगचा मोठा भाऊ रामधन पुढं आला आणि त्यानं विचारलं की दोर बोलून राह्यला का.

दोर तेव्हाच बोलला. दोन हिसके, घाईचे नाहीत, काकुळतीचे नाहीत. दिवसाचं काम संपल्यावर फुलसिंग द्यायचा तसेच.

रहमतनं खाली बघितलं. खालून गारवा वर येत होता. त्याला भीती वाटली, एवढंच. त्याच्यापाशी दुसरं कोणतंही कारण नव्हतं आणि पुढं पाच वर्षं शोधूनही सापडलं नाही.

"दोर सुस्त हाये," तो म्हणाला होता. "खाली काई नाई राह्यलं."

मग सूर्य मावळेपर्यंत त्यानं दोर हातातून सोडला नाही, कारण सोडला असता तर दुसऱ्या कुणीतरी धरला असता. दोन हिसके, थोडा दम, दोन हिसके. मगरिबच्या सुमाराला त्यानं खिशातला चाकू काढला आणि दोर कापून टाकला. पोकलेन येईपर्यंत उरलेली बगलही आत गेली होती, पाणी भरलं होतं; फुलसिंगची माती तिथंच झाली असं मानून विहीर बुजवण्यात आली. दिवसभर दोर धरून बसला, असा दोस्त पाहिला नाही, असं लोक रहमतबद्दल अजूनही बोलत, आणि ते कौतुक त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

मंगळवारी गुंडाळीवरची रेघ बदलली. ती नुसती उतरत नव्हती; ठरावीक अंतरानं तिला दोन बारीक दाते पडत होते, मग सपाट जागा, मग पुन्हा दोन. रहमतनं लेखणी काढून साफ केली आणि परत बसवली. दोन दाते, सपाट जागा, दोन दाते. बॅटरीचा दोष असेल म्हणून त्यानं बॅटरी बदलली. मिस्त्री माणूस, हाताला जे जे सुचलं ते सगळं त्यानं केलं. गुरुवारी आकडा दोन हजार साडेतीनशे झाला, म्हणजे दोन पुरुस, आणि तोपर्यंत आणखी एक गोष्ट घडायला लागली होती: तो घरी, मशिदीत, बाजारात असला तरी आवाज त्याच्यापर्यंत जरा उशिरा आणि वरून येत. हलीमा दोनदा हाक मारायची तेव्हा त्याला एकदा ऐकू यायची.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो सायकलवर तांड्याकडे निघाला. फुलसिंगची बायको रुक्माबाई तिथं राहत होती, आणि तिला खरं सांगितलं तर हे थांबेल, अशी त्याची खात्री झाली होती. का झाली होती ते विचारू नये. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो. ती तांड्यालगतच्या शेतात कापूस वेचत होती. पोटाशी बांधलेली ओटी भरून आली होती, आणि तिच्या हाताच्या बांगड्या अजून तशाच होत्या. नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही, मग त्या कुणाच्या नावानं फोडू, असं ती म्हणायची.

रहमतनं तिला भाभी म्हणून हाक मारली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिला. तिनं पाण्याचं विचारलं, मग त्याचा रोजा आठवून पुन्हा वेचायला लागली. त्यानं तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. दरवर्षी भेटली की ती एकच प्रश्न विचारायची, आणि आजही तोच विचारला.

"भाऊ, एक डाव अजून सांगा. दोर हालला नोहता न?"

सांगायची जागा हीच होती. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, हेच त्याला सोसवेना. तिथं नुसतं एक जुनं दुखणं होतं आणि त्यावर लावायला ती त्याच्याकडे औषध मागत होती. हो म्हणावं, तर नवरा अख्खी दुपार अंधारात वाट बघत होता हे ओझं उरलेला जन्म तिनं वाहायचं. त्यानं स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे या वेळीही तो भ्यालाच होता.

"नाई, भाभी. नोहता हालला."

"मंग झटकन गेले असतीन," ती म्हणाली. "हेच धरून पाच वर्सं काढले म्या." मग बोंडाकडे हात नेता नेता तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, "आठ-पंधरा दिस झाले, सपनात येतेत. वर घे म्हनत नाईत. जागा करून ठेवली म्हनतेत. कोनासाठी ते काई सांगत नाईत."

परतीच्या वाटेवर उतार असूनही सायकल जड चालली. पॅडल मारताना त्याला धाप लागत होती, आणि सायकलच्या चाकांखालून निघणारी धूळ खाली बसण्याऐवजी त्याच्या खांद्यावर येऊन बसत होती.

शनिवारी अकरा वाजता संजय सर येणार होते. नवीन पेटी घेऊन येतो, तुमच्या खोलीत स्वतः बसून बघतो, असा त्यांचा निरोप होता, आणि आल्यावर आधी घरी जाऊन हलीमालाही सोबत आणायचं ठरलं होतं, कारण आकडा चढता-उतरता तिनंही पाहिला होता, एवढं रहमतनं शेवटी फोनवर सांगितलं होतं. रहमत एकोणिसावा रोजा धरून नऊलाच खोलीवर आला. कालच्या खोट्यानं त्याला सकाळपर्यंत डोळा लागू दिला नव्हता आणि पहाटे सहरीला बसल्या बसल्या त्यानं निश्चय केला होता: आज या दोघांना सगळं सांगायचं, आणि मग त्यांनाच बरोबर घेऊन तांड्यावर जायचं. एकट्यानं जमत नाही ते चार माणसांत जमेल. निश्चय झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं खोली झाडली, वही नीट लावून ठेवली, पेटीवरची धूळ पुसली, आणि पुसता पुसता आकडा वाचला.

एक हजार पाचशे चाळीस.

तक्ता बघायची गरज नव्हती, तरी त्यानं बघितला. एकवीस फूट. तीन पुरुस. लेखणी आता रेघ ओढतच नव्हती; ती दोन दाते काढून थांबली होती आणि कागद तिच्याखालून कोराच सरकत होता, कुणीतरी उत्तराची वाट बघत असावं तसा.

बाहेर जाऊन बाभळीखाली थांबावं म्हणून तो दाराकडे गेला. दार बाहेर उघडणारं होतं. कडी निघाली, पण फळ्या जागच्या हलेनात; पलीकडून काहीतरी जड त्यांना टेकून होतं. त्यानं खांदा लावून ढकललं तेव्हा फटीतून तांबूस मुरमाची एक बारीक धार आत आली आणि उंबऱ्यावर तिचा लहानसा ढीग झाला. खिडकीशी गेला तर खिडकीत उजेड होता, पण तो उन्हाचा पिवळा नव्हता, माती चाळून आलेला होता. त्यानं हाक मारली. आवाज तोंडातून निघाला आणि पुढ्यातच पडला.

मग जीप थांबल्याचं त्याला ऐकू आलं. दारं लागली. पावलं आली. हलीमा म्हणत होती की सकाळीच इकडे आले, आणि सर त्याच्या नावानं हाका मारत होते. त्यांचे शब्द अगदी स्पष्ट होते, फक्त ते दारापलीकडून येत नव्हते. ते वरून येत होते, टिनाच्याही पुष्कळ वरून.

रहमतला रडू फुटलं, आणि रडता रडताच त्याची नजर तारेवर गेली. उपग्रहाकडून वेळ घेऊन यंत्राचं घड्याळ बिनचूक चालावं म्हणून मांडणीपासून एक काळी तार छपरातल्या भोकातून वर काठीला नेलेली होती. आजवर त्यानं ती शंभरदा तपासली असेल. त्यानं ती हातात घेतली आणि डाव्या मनगटाला एकच वेढा दिला. पाच वर्षं चोळून चोळून मऊ झालेल्या त्या जागेवर तो बरोबर बसला.

त्यानं दोन हिसके दिले. थोडा दम घेतला. पुन्हा दोन दिले.

वरचे आवाज थांबले. तार हळूच ताणली गेली. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तिला मनगटाचा वेढा दिला होता. हे हाताला कळतं, विहीरवाल्याला तर कळतंच. रहमतला वाटलं, आपण सुटलो. त्यानं फुलसिंगसारखे दिले, घाईचे नाहीत, काकुळतीचे नाहीत, दोन हिसके, आणि वरच्या हाताला ते पोचल्याचं, त्या हातानं दचकल्याचं त्याला तारेतून नीट जाणवलं.

वर संजय सरांनी कुणालातरी विचारलं की काही हालून राह्यलं का.

ज्यानं उत्तर दिलं तो सर नव्हता आणि हलीमाही नव्हती. तो आवाज रहमतला ओळखायला वेळ लागला नाही; तो त्याचा स्वतःचाच होता. पाच वर्षं तो रोज त्याच्या कानात होता.

"दोर सुस्त हाये," तो आवाज म्हणाला. "खाली काई नाई राह्यलं."

रहमतनं पुन्हा दोन हिसके दिले. तार ताठ होती, वरचा हात जागचा हलला नव्हता, हिसके मोजत होता. तो पुन्हा देत राहिला, आणि मगरिबच्या अजानीचा पहिला सूर दुरून, फार वरून आला तेव्हा मनगटावरचा वेढा सैल पडला.